चौदा ओंडके घेऊन मेळघाट ते अकोला

नातीनं हा ब्लॉग काढून दिला तेव्हापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात : आजोबा, मेळघाटात कोणत्या रस्त्यानं जावं? उत्तर देतो, पण माझ्या पद्धतीनं. ज्यांना नुसता नकाशा हवा आहे त्यांनी मोबाईलमध्ये पाहावा. मी त्या रस्त्यानं पहिल्यांदा गेलो तो ट्रक घेऊन, साठच्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि जिल्ह्यात आपल्यासारखा ड्रायव्हर नाही अशी माझी खात्री होती. माझ्याशिवाय कुणाची नव्हती, ती गोष्ट वेगळी.

आमचं घर अमरावतीच्या राजापेठेत. वडील गणिताचे मास्तर. त्यांनी खटपट करून मला त्यांच्याच शाळेत कारकुनी लावून दिली होती. मी मात्र मामाच्या जिनिंगवर दोन हंगाम कापसाचा ट्रक चालवला होता आणि माझं मन त्या स्टिअरिंगवरून काही उतरेना. अकोल्याच्या एका लाकडाच्या वखारीला ड्रायव्हर हवा आहे असं कळलं, आणि मी घरी न विचारता शाळेत राजीनामा लिहून दिला.

वखारीचे मालक, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "मास्तरचं पोट्टं ट्रक चालवते? पहिली खेप बिनबोभाट आण. आणली तं नोकरी तुही, नाई तं चाबी इथी ठेवजो."

बाबांनी दोनच वाक्यं उच्चारली. "तुझा राजीनामा मी हेडमास्तरांकडून मागून घेऊन ठेवला आहे. सोमवारी सकाळी शाळा भरेपर्यंत तो माझ्या खिशात राहील." मग चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आईनं मधल्या मधे निरोप पोचवायचं काम केलं.

म्हणजे हिशेब सरळ होता. शुक्रवारी निघायचं, शनिवारी माल भरायचा, रविवारी अकोल्यात उतरवायचा आणि ड्रायव्हर म्हणून घरी यायचं. नाहीतर सोमवारपासून जन्मभर हजेरीपट.

शुक्रवार : अमरावती ते परतवाडा

ट्रक बाजूच्या फळ्या नसलेला, सपाट पाठीचा. ओंडके लोळत जाऊ नयेत म्हणून दोन्ही अंगांना कमरेएवढे लोखंडी खुंट, बाकी सगळं उघडं. वखारीनं तो अमरावतीला पाठवून दिला, त्याच्याबरोबर करीमचाचा आले. ते त्या ट्रकचे क्लीनर. वय साठीच्या आसपास, पांढरी आखूड दाढी, खांद्यावर दोराचं वेटोळं. पूर्वी स्वतः ड्रायव्हर होते. नजर कमी झाली तेव्हा डावीकडच्या सीटवर आले. तरीही मला पहिल्याच भेटीला "सलाम, उस्ताद" म्हणाले. तेव्हाच्या ट्रकवर रीतच तशी होती. स्टिअरिंगवर बसेल तो उस्ताद, मग तो नातवाच्या वयाचा का असेना, आणि क्लीनरनं उस्तादाला शिकवायचं नाही. मला ती रीत फार आवडली. साठ वर्षांच्या माणसानं उस्ताद म्हटलं की छाती आपोआप पुढे येते.

कोपऱ्यावर दोघांनी ताकात भिजवलेला गिलावडा खाल्ला आणि निघालो. वलगाव, आसेगाव, मग परतवाडा. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आज तुम्ही गाडीनं तासाभरात पोचाल. आम्हाला खड्डे आणि बैलगाड्या चुकवत अडीच तास लागले. पौषाची थंडी होती, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, आणि रिकाम्या ट्रकचा खडखडाट इतका की चाचांचं अर्धं बोलणं मला ऐकूच येत नव्हतं. परतवाड्याला मुसाफिरखान्याशेजारच्या खानावळीत ज्वारीची भाकर, बेसनाच्या पातोड्यांचा झणझणीत रस्सा आणि कांदा. दोघांचं जेवण मिळून रुपया झाला नाही. तो रस्सा मी नंतर तीस वर्षं त्याच गावात शोधला, तसा पुन्हा मिळाला नाही.

शनिवार : सेमाडोह आणि घाट

परतवाडा सोडलं की डोंगर सुरू. घटांगच्या वळणावर गवळ्यांची दुकानं लागतात. तिथं रबडी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. पोट भरलेलं असलं तरी खा. तिथून पुढे सेमाडोहपर्यंत सगळा साग. आता हा व्याघ्रप्रकल्प आहे, तेव्हा नाक्यावरच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. तेव्हा जंगलात लाकडाचे आगार होते आणि आमच्यासारखे ट्रक रांगेनं उभे असत.

कोरकू आदिवासी मजुरांनी उतरत्या लाकडी बल्ल्यांवरून दोरानं ओढत एकेक ओंडका ट्रकवर चढवला. एकजण सूर धरी, बाकीचे त्या सुरावर जोर लावत. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर हातोड्यानं ठोकलेला सरकारी शिक्का. वाहतुकीच्या पासवर लिहिलं होतं : चौदा नग. परतवाड्याच्या नाक्यावर चौदा म्हणजे चौदाच भरले पाहिजेत. एक कमी भरला तर तो वाटेत विकला असंच धरत, आणि ट्रक तिथंच अडकून पडे.

दोर बांधायची वेळ आली. चाचा वेटोळं घेऊन पुढे झाले. मी म्हणालो, "चाचा, राहू द्या. दोन हंगाम बांधलाय मी माल."

"उस्ताद, तो कापूस होता," चाचा म्हणाले.

"दोर तोच ना?"

चाचांनी दोर माझ्या हातात दिला.

इथं कापूस न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. कापसाचे बोरे दोरानं कितीही आवळा, ते आतून फुगतात. कापूसच दोराला बाहेर रेटत राहतो, त्यामुळे एकदा बांधलेला दोर घरी जाईपर्यंत तारेसारखा ताठ. आम्हा वऱ्हाडी ड्रायव्हरांचे हात त्या मालावर तयार झालेले. मी तसाच बांधला, तशीच गाठ मारली, दोरावर थाप मारून पाहिली. ताठ! चाचांकडे बघून हसलोसुद्धा.

परतीला निघालो. तीनेक मैलांवर चाचा म्हणाले, "उस्ताद, जरा थांबता का? पानी पितो." थांबलो. चाचा खाली उतरून मागे गेले, बऱ्याच वेळानं आले. मला वाटलं, म्हातारा माणूस, पाणी पिणं आणि पाणी सोडणं दोन्ही उरकत असेल. पुन्हा तीन मैलांवर तेच. "पानी पितो, उस्ताद." मी इंजिन चालू ठेवून, हॉर्नवर बोटं वाजवत बसलो. मला दुपार टळायच्या आत नाका गाठायचा होता. तिसऱ्या खेपेला चाचांनी तोंड उघडताच मी म्हणालो, "चाचा, आता परतवाड्यालाच पाणी प्या."

"जशी मर्जी, उस्ताद."

उताराचं तिसरं वळण असेल. मागून एक जड, बसका आवाज आला आणि ट्रक एका अंगानं उचलल्यासारखा झाला. नंतर झाडी मोडत जाण्याचा आवाज, खाली, आणखी खाली. मी ब्रेक दाबला. चाचा उडी मारून चाकाला दगड लावायला धावले. मी मागे जाऊन पाहिलं तर माझा तो ताठ दोर वाळत घातलेल्या धोतरासारखा लोंबत होता. सगळ्यात वरचा ओंडका नव्हता. वीसेक हात खाली, नाल्याच्या काठावर एका झाडाला अडकून पडला होता.

मी घाबरलो. आणि घाबरलेला माणूस करतो तेच केलं, दुसऱ्यावर ओरडलो. "चाचा, तुम्ही दोर बघत नव्हते का?"

"दोन खेपा पाह्यला," चाचा शांतपणे म्हणाले. "साल वली हाये. दोराखाली दबते, दोर ढिला होते. दोन खेपा दांडकं घालून पीळ देल्ला म्या. तिसऱ्या खेपेले तुमी थांबलेच नाई."

"मग सांगायचं ना! पाणी पाणी काय करत होता?"

"उस्तादले क्लीनरनं कसं सांगाव?"

मला त्या क्षणी जी लाज वाटली ती अजून आठवते. आदल्या दिवशी जी रीत मला फार आवडली होती, तीच हा माणूस माझ्यासाठी पाळत होता. दोनदा माझी अब्रू राखून माझी चूक त्यानं गुपचूप दुरुस्त केली होती, आणि मी हॉर्न वाजवत बसलो होतो. तेरा ओंडके घेऊन नाक्यावर जाणं म्हणजे चोर ठरणं. बाबांच्या खिशातला कागद मला डोळ्यांसमोर दिसायला लागला.

आमचं नशीब बरं. अर्ध्या तासानं लाकूड ओढणाऱ्या कोरकूंच्या दोन बैलजोड्या रिकाम्या परत येताना दिसल्या. पुढच्या जोडीबरोबर सुखलाल नावाचा गृहस्थ होता, बुटका, पिळदार. त्यानं खाली वाकून ओंडका पाहिला, मग मला पाहिलं.

"नवा हाये का?" त्यानं चाचांना विचारलं.

"उस्ताद हायेत," चाचा म्हणाले. तेव्हासुद्धा.

सुखलालनं साखळी ओंडक्याच्या तोंडाशी बांधली आणि दोन्ही जोड्या जुंपल्या. ओंडका वर येताना आडवा होऊ नये म्हणून शेपटाकडचा दोर कुणीतरी धरून ठेवायला हवा होता. तो मी धरला. चाचा म्हणत होते की हाताला फडकं गुंडाळा, पण मला शिक्षाच हवी होती बहुतेक. बैल चार पावलं चढत आणि दोन पावलं घसरत, आणि प्रत्येक वेळी दोर माझ्या तळव्यांतून सरके. दोन तासांनी ओंडका रस्त्यावर आला, आणखी तासाभरात बल्ल्या लावून ट्रकवर चढला. माझ्या तळहातांची साल निघाली होती. सुखलालनं आमच्या शिदोरीतल्या सगळ्या भाकरी आणि ठेचा ठेवून घेतला आणि वर म्हणाला, "ठेचा फिक्का हाये."

या खेपेला दोर चाचांनी बांधला आणि मी उभा राहून बघितलं. कुठं दांडकं घालायचं, किती पीळ द्यायचा, विचारून घेतलं. चाचांनी सांगितलं, कारण आता उस्तादानं स्वतः विचारलं होतं.

मग दर दोन मैलांवर मीच ट्रक थांबवत होतो आणि म्हणत होतो, "चाचा, पाणी!" चौथ्या वेळेला चाचा खो खो हसले. दिवस मावळता मावळता नाक्यावर पोचलो. नाकेदारानं मोजलं. चौदा. एका ओंडक्यावरची ताजी माती पाहून त्यानं भुवया उंचावल्या. मी म्हणालो, "पडला होता, काढून आणला." त्यानं पासवर शिक्का मारला.

रविवार : परतवाडा ते अकोला, आणि घर

हा टप्पा शंभरेक किलोमीटरचा, सपाट आणि देखणा. अंजनगावचे पानमळे, अकोटकडे जाताना उजव्या हाताला सातपुड्याची लांबच लांब रांग, मग पूर्णेचा पूल. अंजनगावला पान खा, रस्त्यावर थुंकू नका. मला स्टिअरिंग धरवत नव्हतं. चाचांनी पागोट्याचं कापड फाडून माझ्या दोन्ही हातांना बांधलं होतं. तरी गाडी मी छान चालवली, हे सांगायलाच हवं.

दुपारी वखारीत पोचलो. भाऊसाहेबांनी ओंडके मोजले, पासशी ताडून पाहिले आणि विचारलं, "खेप बिनबोभाट?"

चौदाच्या चौदा समोर होते. चाचा दोर गुंडाळत होते, त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नसता. हो म्हटलं की काम झालं. पण चाचांच्या समोर मला ते म्हणवेना. मी किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, हॉर्न वाजवत बसलो होतो तेसुद्धा.

भाऊसाहेबांनी चाचांना हाक मारली. "करीम, पडल्यावर यानं गाडी किती डाव थांबवली?"

"पानी पिऊन पिऊन पोट फुगलं माह्यं," चाचा म्हणाले.

भाऊसाहेब हसले नाहीत. किल्ली माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बुधवारी पुन्हा सेमाडोह. हात बरे कर." आणि ते आतल्या खोलीत निघून गेले. मी चाचांच्या पाया पडायला वाकलो तर ते मागे सरकले आणि मला उराशी धरलं.

संध्याकाळच्या गाडीनं बडनेरा, तिथून अमरावती. घरी आलो तेव्हा पानं वाढलेली होती. बाबा समोर बसले होते. मी आईला म्हणालो, "नोकरी लागली." आईनं माझ्या हातांकडे पाहिलं, तेव्हा ओंडका कसा पडला आणि उतारावरून कसा ओढला तेही सांगितलं. मी भाकरी मोडायला गेलो, बोटं मिटेनात. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला.

बाबा उठले. आमच्या घरात बाबांनी कुणाला वाढल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. ते माझ्या पानाशी येऊन बसले, भाकरीचा बारीक चुरा केला, त्यावर वरण घेतलं, मीठ घालून नीट कालवलं, जसं पहिलीतल्या पोराला कालवून देतात. मग मला विचारलं, "एका ओंडक्याचं वजन किती असेल रे?"

"दहा-बारा मण तरी, बाबा."

"आणि उतार?"

मी हातानं दाखवला. त्यांनी मनाशी गणित मांडलं. मग घास माझ्या तोंडाशी धरून म्हणाले, "उद्या हेडमास्तरांना मी सांगतो. तू झोप."

पुढे मी चौतीस वर्षं ट्रक चालवला, काश्मीरपासून केरळपर्यंत रस्ते पाहिले, सुंदर सुंदर जागी थांबलो. लोक विचारतात, सगळ्यात अविस्मरणीय प्रवास कोणता? मी हाच सांगतो, अमरावती ते अमरावती, तीन दिवसांचा. तो घास मी डोळ्यांतल्या पाण्यासकट गिळला होता. वरणात मीठ जरा जास्तच पडलं होतं. बाबांना सवय नव्हती.