भुरीचं रविवारचं वजन

९ जून २०१४ रोजी माझ्या साडूंनी १,८६० रोख मोजून एक छोटा वजनकाटा विकत घेतला. पाच किलोपर्यंत तोलणारा, एका ग्रॅमचा फरक दाखवणारा. दुकानदार ओळखीचा होता. "दिवसभर ट्रक तोलून हौस फिटत नाही वाटतं?" असं त्याने विचारलं. साडू म्हणाले, "हा घरच्यासाठी."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका मोठ्या गोदामाच्या फाटकाशी ट्रकचा वजनकाटा आहे, तिथे ते आज एकतीस वर्षं बसतात. रिकामा ट्रक चढला की आकडा लिहायचा, भरून आला की पुन्हा लिहायचा, वजाबाकी करून पावती फाडायची. केबिनमध्ये एक खुर्ची, एक पंखा आणि पावती बाहेर सरकवायला खिडकीत एक फट. चुकीची पावती गेली तर तिच्यावर आडवं 'रद्द' लिहून सही करायची आणि दुसरी द्यायची, हा तिथला नियम. साडूंवर ती वेळ क्वचितच आली. ड्रायव्हर लोक म्हणतात, "या काट्यावर माशी बसली तरी पावतीत येते."

घरी त्यांच्याकडे एक चिंचिला होती. ज्यांनी हा प्राणी पाहिला नाही त्यांनी ससा आणि खार यांच्या मधलं काहीतरी डोळ्यांसमोर आणावं. रंग राखाडी, कान गोल, आणि लोकर इतकी दाट की बोट घातलं तर कातडी लागत नाही. मुलीने शाळेची शेवटची परीक्षा दिल्यावर हट्टाने आणलेली. नाव भुरी. मुलगी पुढे शिकायला वसतिगृहात गेली आणि भुरी आई-वडिलांकडे राहिली.

काटा घेतला त्याच वर्षी जानेवारीत थोरली आजारी पडली. मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची. साडू रोज सांगायचे, "बरी आहे. तू अभ्यास कर." एप्रिलपर्यंत थोरलीच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या, तरी साडूंचं उत्तर तेच. मुलगी आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तिने आवाज चढवला नाही. चार दिवस राहिली आणि जाताना दारात म्हणाली, "भुरीला तिथे ठेवू देणार नाहीत. मी दर रविवारी फोन करीन. बरी आहे म्हणू नका. आकडा सांगा."

म्हणून तो काटा.

पुढची अकरा वर्षं रविवारी सकाळी दहाला फोन वाजे. "किती?" "पाचशे एकसष्ट." "ठेवते." एवढंच. नोकरी लागल्यावर तिने त्या शहरात खोली घेतली, पण ती गच्चीखालची. उन्हाळ्यात भिंती तापायच्या, आणि या प्राण्याला उकाडा सोसत नाही. त्यामुळे भुरी साडूंकडेच राहिली. मुलगी अधूनमधून यायची ती आमच्याकडे उतरायची. बाप कामावर गेला की माझ्या बायकोकडची किल्ली घेऊन भुरीला भेटून यायची. साडूंना ते कळत असे, कारण वाळूचं भांडं जागचं हललेलं असायचं. ते भांडं परत जागेवर सरकवत.

ते भांडं म्हणजे भुरीची न्हाणी. चिंचिलाला पाणी चालत नाही. लोकर भिजली की वाळता वाळत नाही आणि आतून बुरशी धरते. ती अंघोळ करते बारीक राखेसारख्या वाळूत, गडाबडा लोळून. साडू आठवड्यातून तीनदा ते भांडं पिंजऱ्यात ठेवत आणि दहा मिनिटांनी काढून घेत. सुकं गवत दोन्ही वेळा ताजं देत. दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडायला लाकडाचे ठोकळे. बसायला संगमरवराची गार फरशी, आणि उन्हाळ्यात तिच्या खोलीला एसी. स्वतः साडू बाहेरच्या खोलीत पंख्याखाली झोपत.

"भाऊजी, उंदराला एसी आणि तुम्ही घामाने निथळताय," माझी बायको म्हणायची.

"उंदीर नाही तो."

"मग तुमच्या जातीचा दिसतोय. तोंडातून शब्द नाही."

वजन मात्र रोजचं. प्लास्टिकचं भांडं आधी काट्यावर, मग आकडा शून्यावर आणायचा, मग भुरी भांड्यात. साडूंनी थोरलीचा फोटो कुठे लावला नव्हता. तो जिथे लागला असता त्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि प्रत्येक तारखेखाली ग्रॅम लिहिलेले असत.

यंदा फेब्रुवारीत ते ग्रॅम उतरायला लागले. ५४८, ५४१, ५३०. मार्चच्या दुसऱ्या रविवारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. भुरीची हनुवटी ओली दिसत होती आणि एका डोळ्यातून पाणी येत होतं. गवत तोंडात घेऊन ती खाली टाकत होती. कॅलेंडरवर त्या दिवसाखाली ५१२ लिहिलं होतं. दहाला फोन वाजला.

"किती?"

"पाचशे अठ्ठेचाळीस," साडू म्हणाले.

"ठेवते."

मी कॅलेंडरकडे पाहिलं. त्यांनी मला पाहताना पाहिलं.

"ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला?" मी म्हटलं. "लेकीला सांगायला नको?"

"घाबरेल."

"मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात."

त्यांनी वाळूचं भांडं उचललं, चाळणीत रिकामं केलं आणि चाळत बसले. मी चहा संपवून निघालो. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा असंच झालं तर पोर त्या घराचं तोंड बघणार नाही." ते मलाही दिसत होतं. साडूंना दिसत नव्हतं असं नाही.

बुधवारी दुपारी मला त्यांनी केबिनवर बोलावलं. बाहेर चार ट्रक थांबले होते. साडूंनी फटीवर पुठ्ठा लावला होता. एकतीस वर्षांत तो पुठ्ठा मी पहिल्यांदा पाहिला.

"तुम्ही नुसते उभे राहा," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन लावला. अकरा वर्षांत त्यांनी तिला लावलेला हा पहिला फोन. तिने उचलायला वेळ लावला.

"रविवारचा आकडा रद्द," साडू म्हणाले. "मी खोटा सांगितला. पाचशे बारा होती. आज सकाळी चारशे शहाण्णव."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"आत्ताचा खरा?" तिने विचारलं.

"दोनदा तोलली."

"येते मी."

गुरुवारी सकाळी ती आमच्याकडे न उतरता सरळ तिकडे गेली. मी आणि बायको पोचलो तेव्हा बाप-लेक पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसले होते, मध्ये काटा. तिने भांडं ठेवून स्वतः शून्य केलं. ४९१. तिने कॅलेंडरवर लिहिलं. तिचे आकडे बापासारखेच, इंग्रजी सातमध्ये आडवी रेघ असणारे. त्या दिवशी सात नव्हता, पण मला पूर्वीचे आठवले.

जनावरांचा डॉक्टर कुत्र्या-मांजरांचा, पण समजूतदार होता. त्याने फोटो काढून दिव्यासमोर धरला. वरच्या दाढांची मुळं उलटी, डोळ्याच्या दिशेने वाढली होती. कापून उपयोग नाही म्हणाला. भरवत राहिलात तर पंधरा-वीस दिवस, नाहीतर आज झोपवता येईल.

"कोण ठरवणार?" त्याने विचारलं.

"तिची आहे," साडू म्हणाले. "तिला विचारा."

मुलीने टॉवेलात भुरीला धरलं होतं. ती बापाकडे वळली. "बाबा, तिला दुखतंय का?"

साडूंनी भुरीची ओली हनुवटी बोटाने पुसली. माझी बायको दवाखान्याच्या पायरीकडे बघत राहिली.

"दुखतंय," ते म्हणाले. "महिना तरी झाला असेल."

"आईला?"

"तिलाही दुखत होतं. शेवटी फार."

मुलीने मान हलवली. मग डॉक्टरला म्हणाली, "आजच."

पाच मिनिटांचं काम. नंतर डॉक्टरने सवयीने भुरीला काट्यावर ठेवलं, आणि साडूंनी हात पुढे करून तिला उचलून घेतलं. आकडा कुणी पाहिला नाही. घराच्या मागे, जिथे ऊन येत नाही, तिथे खड्डा केला. मुलगी जेवली. संध्याकाळी एसी बंद केला तर खोली फारच शांत झाली, म्हणून तिने तो पुन्हा लावला आणि तिथेच झोपली. शुक्रवारी सकाळी गेली.

डॉक्टरचे १,८७० झाले होते, ते साडूंनी भरले होते. स्टँडवर ती म्हणाली, "निम्मे माझे. पाठवते." साडू 'असू दे' म्हणाले नाहीत. हिशेबाला हिशेब असावा असं त्यांचं मत आहे.

रविवारी दहाला फोन वाजला. मी तिथेच होतो.

"जेवलात?" तिने विचारलं.

"अजून नाही. तू?"

"नाही. बाबा, पैसे या आठवड्यात जमले नाहीत."

"सावकाश."

त्याला आता सात रविवार झाले. फोन येतो. तिचे ९३५ अजून यायचे आहेत.