मॅडमची रेघ पडेना

वैशाली मॅडमच्या पीएचडीतलं निम्मं काम मी केलंय. जे निम्मं बिघडलं, ते.

त्या दिवशी सकाळी मी थर्मास घेऊन लॅबमधी शिरलो, तर मॅडम कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसलेल्या. सहावा दिवस होता. रेघ काही खाली पडेना.

मी फार्मसी कॉलेजात लॅब अटेंडंट. शिक्षण सातवी, तीबी दोन वेळा. सगळे मामा म्हणतात. सकाळी शहागंजात रहीमभाईच्या मटणाच्या दुकानात जायचं आणि बोकडाचं जे कुणीच विकत घेत नाय ते आणायचं, हे माझं काम. म्हणजे बोकडाचं लिंग. थंड खाऱ्या पाण्यात, थर्मासमधी, तासाच्या आत. पहिल्या दिवशी ते मागायला मला दहा मिनिटं लागली. दुकानात बाया होत्या. मी आधी कलेजी मागितली, मग पाय मागितले, मग रहीमभाईच्या कानात सांगितलं. तो मोठ्यानं म्हणला, "क्या करते उसका?" मी म्हणलं, कॉलेजात लागतं. तेव्हापासून त्याला कॉलेजच्या शिक्षणाबद्दल शंका हाये.

मॅडमचा विषय असा, की पुरुषाला ताठरपणा येतो तो कसा. माणसाला टांगून हे बघता येत नाय. म्हणून बोकडाच्या त्या सामानातली आतली बारीक पट्टी कापायची आणि गिलासाएवढ्या काचेच्या नळीत दोऱ्यानं टांगायची. नळीत अंगाइतकं कोमट खारं पाणी, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. पट्टीला वाटतं, आपण अजून बोकडातच हाओत. याला ऑर्गन बाथ म्हणतात. दोऱ्याचं वरचं टोक मशीनला. पट्टी आवळली की कॉम्प्युटरवर रेघ वर, सैल पडली की रेघ खाली. आधी औषध टाकून आवळायची, मग बारीक करंट द्यायचा. करंट म्हणजे नसांनी धाडलेला निरोप. निरोप पोचला की पट्टी सैल.

आता गंमत बघा. सैल पडली म्हणजे पास. आतले स्नायू सैल पडले की रक्त भरतं, मग बाहेरून ताठ. आवळून बसलं की कायच होत नाय. मॅडमनी हे मला तीनदा समजावलं. मी म्हणलं, मॅडम, हे आमच्या बजाजनगरात कुणालाच माहीत नाय, सगळे आवळूनच बसलेत. मॅडम म्हणल्या, तुम्ही नळ्या धुवा.

पहिले दोन आठवडे रेघ झकास पडायची. मग एकदम बंद. करंट दिला की जराशी हलायची आणि पुन्हा जिथल्या तिथं. मॅडमनी खारं पाणी नव्यानं केलं. सिलिंडर बदलला. वायर बदलली. औषधाची बाटली बदलली. मला बदलायचं तेवढं कुणाच्या डोक्यात आलं नाय.

त्यात कॉलेजचे मोठे सर येऊन सांगून गेले, गुरुवारी पीएचडीची कमिटी येतीय, मशीनवर दाखवा, नाय दाखवता आलं तर विषय बदला. दोन वर्षं मॅडमनी या विषयापायी काढलेली. त्या बाहेर जाऊन तोंड धुऊन आल्या. डोळे लाल. मलाबी लई वाईट वाटलं.

"मामा, तुमच्याकडनं काय बदललंय का?"

"काय नाय, मॅडम. उलट मी माल सुधारून घेतलाय."

मॅडम खुर्चीतून हळूच उठल्या. "सुधारून म्हणजे?"

मी अभिमानानं सांगितलं. रहीमभाईला म्हणलं होतं, मॅडमचं काम हाये, ऐरागैरा माल नको, एक नंबर दे. त्यानंतर सामान जरा बारीक यायला लागलं होतं खरं. मला वाटलं, कवळं हाये. भेंडी घेताना माणूस कवळीच घेतो ना?

मॅडमनी स्कूटी काढली. मी मागं. शहागंजात त्या सरळ दुकानात शिरल्या आणि अजिबात न लाजता विचारलं, की हे कोणत्या बोकडाचं देता?

रहीमभाईनं सुरी पुसली. "मॅडम, पैले सादे बकरे का देता था. इनो बोले, आपके वास्ते एक नंबर होना. तब से खस्सीच का देरा मैं. खास बाजू निकाल के रखता."

खस्सी म्हणजे पिल्लू असतानाच ज्याचं अंड ठेचून टाकतात तो बोकड. मटणाला वास येत नाय, मऊ लागतं, गिऱ्हाईक तेच मागतं. मी स्वतः घरी तेच नेतो. खायला एक नंबरच. पण अंड नाय म्हणजे पुरुषाचा हार्मोन नाय, आणि हार्मोन नाय तर त्या नसांचा निरोप नीट पोचत नाय. सहा दिवस आम्ही ठेचलेल्या बोकडाला करंट देऊन विचारत होतो, का रं बाबा, काय जमतंय का?

मॅडमनी रहीमभाईला सांगितलं, आता न ठेचलेल्याचंच द्या, वास मारला तरी चालेल. 

गुरुवारी मी न ठेचलेल्या बोकडाचं आणलं. असा उग्र वास, की कॉलेजच्या वॉचमननं मला लांबूनच जा म्हणलं. कमिटीतले तीन सर आणि आमचे मोठे सर, चौघं खुर्च्या ओढून कॉम्प्युटरसमोर. मॅडमनी औषध टाकून पट्टी आवळली. करंट दिला. रेघ जागची हलली, आणि सर्रकन खाली आली, पार तळाला. सैल पडलेलं बघून चार मोठी माणसं खूश झालेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

वर कमिटीतले म्हातारे सर म्हणले, ते खस्सीचे सहा दिवस फेकू नका, तुलनेला कामाला येतील. विषय कायम राहिला.

मी त्यातनं एवढंच शिकलो, की एक नंबर कशाला म्हणायचं हे ज्याचं काम हाये त्याला आधी विचारावं. पण शिकायला मला जरा उशीर लागतो. कमिटी गेल्या गेल्या मी मॅडमना म्हणलं, थिसिसमधी माझं नाव यायला पाहिजे. खस्सीचं चालत नाय, हे जगात आधी कुणाला माहीत होतं?

मॅडम नळ्यांतल्या पट्ट्या सोडवत होत्या. मान वर न करता म्हणल्या, "बोकडाला माहीत होतं, मामा. एक तुम्हालाच नव्हतं."