यंत्रानं दोनच दाखवले

सन २०१८. माझं वय अडुसष्ट. शिक्षण चौथी. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी शुद्धलेखन काढत बसायला नको.

या ग्रुपवर लोक भुताखेताचं लिहितात, ते मी वाचतो आणि हसतो. चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. "आपोआप चालू होतो हो, घरात काहीतरी आहे," म्हणणारी दहा तरी घरं बघितली. एका ठिकाणी शेजाऱ्याचा रिमोट निघाला, एका ठिकाणी सुटलेलं सोल्डर, एका ठिकाणी पाल. कारण सापडत नाही म्हणणारा मेकॅनिक आळशी, असं मी तोंडावर सांगायचो. तरीपण हे लिहितोय...

दुकान हडपसरला, भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत, दहा बाय बारा. मी आणि मुरली, दोघांचं. मुरलीधर कर्वेनगरहून स्कूटरवर यायचा, एकतीस वर्षं. मी हडपसरचाच, फटकळ. तो कमी बोलायचा, पण बोलला की समोरचा दोन दिवस डोकं खाजवत बसायचा.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नवीन पार्ट बसवला की जुना कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. बघा, खरंच बदललाय. काही गिऱ्हाइकं टेबलाशी उभी राहून आमचे स्क्रू मोजतात. ज्यांचा विश्वास असतो ती म्हणतात, "जुना पार्ट नको, मी तोवर चहा घेतो." मी आणि मुरलीनं एकमेकांकडं जुना पार्ट कधी मागितला नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही.

टीव्हीचं काम कमी झालं तेव्हा आम्ही लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून द्यायला लागलो. त्यासाठी एक जुना कंप्युटर होता, दोन कोअरचा. कोअर म्हणजे एका प्रोसेसरच्या आत काम करणारी डोकी, असं समजा. दोन डोकी, म्हणून एकेका लग्नाला अख्खा दिवस जायचा. मुरली म्हणाला, याच बोर्डावर चार कोअरचा बसतो, घालू. सेकंडहँड शोधून आणला त्यानंच.

मंगळवारी दुपारी मी घरी जेवायला गेलो, तेवढ्यात त्यानं तो बसवला. मी आलो तर म्हणाला, "झालंय, चालू कर," आणि एका घरी टीव्ही भिंतीवर लावायला गेला. मी चालू केला. टास्क मॅनेजर म्हणून एक पान असतं, तिथं जेवढे कोअर तेवढे चौकोन दिसतात. दोन चौकोन. प्रोसेसरचं नाव बघितलं. इंग्रजी मला जेमतेम, पण आकडे येतात. जुन्याचाच नंबर. बंद केला, चालू केला. तीनदा. दोनच.

माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मी जेवायला गेलो तेव्हाच का बसवला? आणि मी आल्यावर लगेच का गेला?

मुरली परत आला तेव्हा एक बाई कॅसेट घेऊन बसल्या होत्या, शाळेत शिकवणाऱ्या. मी त्याला म्हणलं, दोनच दिसतायत. तो म्हणाला, ऑपरेटिंग सिस्टीमनं अजून नवीन प्रोसेसर ओळखला नसेल, ड्रायव्हर टाकून बघू. म्हणलं, यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. तो हसायला लागला. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

"जुना पार्ट दाखव," मी म्हणलं.

बाई कॅसेटच्या खोक्याकडं बघायला लागल्या. मुरलीनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"गिऱ्हाईक झालास होय तू," म्हणाला. आणि गेला.

त्याच संध्याकाळी मी कॅबिनेट उघडलं. पंखा काढला, पांढरी पेस्ट पुसली, भिंग लावलं. नवीन होता. खोक्यावरचा नंबर आणि त्याच्या पाठीवरचा नंबर, एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. आणि जुना? जुना पार्टांच्या पत्र्याच्या डब्यात, सगळ्यात वर. आम्ही नेहमी टाकतो तिथंच. मी ओरडत होतो तेव्हा माझा हात त्याच डब्यावर होता.

तेव्हाच फोन करायला पाहिजे होता. नाही केला. म्हणलं, आधी या यंत्राकडून चार वदवून घेतो, मग करतो. नुसती माफी मागायला मला जमत नाही, कधी जमलंच नाही.

रविवारी जावई आले. ते खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. कंप्युटर सुरू होताना बोर्डाचा स्वतःचा एक निळा पडदा येतो, तिथं चार. आत सिस्टीम उघडली की दोन. कोअर कमी वापरायची सेटिंग कुणी केलीय का ते बघितलं, नव्हती. मग त्यांनी जुनी डिस्क काढून सोबत आणलेली कोरी जोडली, सिस्टीम पहिल्यापासून टाकली. दोन चौकोन. जुन्याचं नाव.

जावई म्हणाले, "मामा, ही डिस्क आज पहिल्यांदा लागली. सिस्टीम आज टाकली. जुना प्रोसेसर हिनं कधी बघितलेलाच नाही... मग नाव कुठून काढलं?"

म्हणलं, मला काय विचारता, पगार तुम्ही घेता.

सोमवारी अकराच्या सुमाराला मुरली आला, हत्यारं न्यायला. मी त्या बाईंच्या लग्नाची कॅसेट लावली होती. तो आत यायच्या आधी मिनिटभर मी चौकोन बघितले होते. दोन. मला वाटलं, बरं झालं आला. आता दाखवतो, म्हणजे त्यालाही कळेल की मी उगाच बोललो नव्हतो. चूक माझी, पण कारण होतं, एवढं तरी त्याला दिसेल. मी स्क्रीन त्याच्याकडं फिरवला. म्हणलं, "बघ तूच. अजून दोनच."

तो वाकला. मीही वाकलो.

चार चौकोन. चारही पळत होते. वर नवीन प्रोसेसरचं नाव.

मुरलीनं बोट लावून मोजले. एक, दोन, तीन, चार. मग माझ्याकडं बघितलं, रागानं नाही.

"दत्ता, मला दुकानातनं काढायचं होतं तर तसं सांगायचं. एका परक्या बाईसमोर चोर कशाला केलंस?"

काय सांगणार? आत्तापर्यंत दोन होते म्हणून? पकडलेला माणूस नेमकं हेच सांगतो. त्यानं सोल्डरगन, मीटर, तीन स्क्रू ड्रायव्हर पिशवीत भरले, चौथा माझा होता तो बाजूला ठेवला. दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी वळून बघितलं.

दोन चौकोन.

आजवर लोकांनी फसवलं, त्याचं मला फारसं वाटलं नाही. माणूस आहे, फसवणारच. पण माणसाच्या विरोधात मी यंत्राची बाजू घेतली होती. आयुष्यभर घेतली. आणि त्यानं काय केलं? मला दोन दाखवून मुरलीला चोर केलं, त्याला चार दाखवून मला खोटा केलं. दोघांना दोन तोंडं. एवढा दगा मला सख्ख्या भावानं दिला नाही.

कारण विचाराल तर आजही नाही. जावई म्हणतात बोर्डात काहीतरी जुनं साठून राहिलं असेल. मग त्या एका मिनिटापुरतं ते कुठं गेलं विचारलं, तर म्हणतात बोर्डच बदला. गल्लीतला एक जण म्हणाला दुकानाची शांत करा. त्याला मी हाकलला. भूत असतं तर मला सोपं झालं असतं, त्याच्यावर ढकललं असतं. "जुना पार्ट दाखव" हे भूत नाही बोललं, मी बोललो.

मुरली किल्ली ठेवून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सगळ्या वायरी काढल्या, कॅबिनेट चादरीत बांधलं आणि रिक्षानं कर्वेनगरला गेलो. दोन जिने चढलो, दोनदा टेकलो. मुरलीनंच दार उघडलं. ये म्हणाला नाही. मी कॅबिनेट त्याच्या उंबऱ्याशी ठेवलं, वर माझा स्क्रू ड्रायव्हर ठेवला, त्याच्या शेजारी दुकानाची किल्ली.

म्हणलं, "उघडून बघ सावकाश. जुना पार्ट नको. मी खाली चहा घेतो."

आणि खाली जाऊन टपरीवर बसलो, त्याच्या बिल्डिंगकडं पाठ करून.