मणी कातडीवर, लक्ष हाडावर

ज्याने या मातीच्या देहाला सांधे दिले आणि सांध्यांना गती दिली, त्या जगन्नियंत्यास वंदन करून, आमच्या भाचेजावयांच्या पन्नाशीनिमित्त हे लिहीत आहे. माणसाच्या मुखाकडे इतके कमी आणि गुडघ्याकडे इतके अधिक पाहणारा गृहस्थ अवघ्या वऱ्हाडात दुसरा नसावा.

अमरावतीच्या एका महाविद्यालयात ते सांध्यांची हालचाल मोजतात. अंगावर चकाकणारे मणी चिकटवायचे, भोवती कॅमेरे लावायचे, माणसाला चालवायचे आणि मण्यांच्या वाटेवरून सांधा किती वाकला ते काढायचे, हा त्यांचा व्यासंग. लग्नमंडपात इतर लोक व्याह्यांना नमस्कार करतात, तेव्हा हे व्याह्यांचा खुबा न्याहाळत असतात. आमच्या सौभाग्यवतींनाही त्यांनी एकदा कॅमेऱ्यांपुढे चालवले आणि गंभीरपणे सांगितले, "मामी, तुम्हाला एक सांधा जास्त निघाला." ती नथीची चमक होती. "असू द्या," ती म्हणाली, "तेवढा एक तरी दुखत नाही."

मोर्शीजवळच्या आमच्या शेतात निंदणाला, म्हणजे तण काढायला, येणाऱ्या शेवंताबाई संत्री तोडताना शिडीवरून पडल्या. गुडघ्याजवळचे मोडलेले हाड जुळले; परंतु पाय पुरता वाकेपर्यंत उकिडवे बसू नका, जुळलेले पुन्हा तुटेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. ती वर्षे शेतीला वाईट होती. कामे थोडी, हात फार. बायांच्या टोळीतली जागा एकदा सुटली की दुसरीची होई.

जावयांनी मणी लावले. पहिल्याच मोजणीत गुडघा पुरता वाकलेला दिसला आणि शेवंताबाईंनी कॅमेऱ्याला हात जोडले. जावई मात्र त्यांच्या पायाचे हाड बोटांनी चाचपत "पुन्हा वाकवा, पुन्हा वाकवा" म्हणत राहिले. मग त्यांनी मणी एका कडक पट्टीवर बसवले आणि ती गुडघ्यापासून दूर घट्ट बांधली. या वेळी गुडघा कमी वाकलेला निघाला.

"मशीननं हो म्हनलं, तुमी कावून नाई म्हनता?" शेवंताबाई कडाडल्या.

"बाई, मन्याखालचं चामडं सरकून राहिलं. हाड तेवढं वाकून नाई राहिलं."

"मंग मी चामड्यानंच बसतो! मले निंदाले जायचं हाय."

त्या रागाने निघून गेल्या. दोन दिवसांनी मी शेतावर गेलो, तर बायांच्या टोळीत, शेवंताबाईंच्या ओळीवर, स्वतः जावई खुरपे घेऊन बसलेले! जागा जाऊ नये म्हणून त्यांनी कॉलेजातून रजा काढली होती. बांधावर पाय पसरून शेवंताबाई ओरडत होत्या, "अवो जवाईबापू, तूर उपटली तुमी! गवत तसंच हाय!" टोळीतल्या बाया पदर तोंडाशी धरून हसत होत्या. जावयांनी उपटलेले रोप कपाळाला लावले आणि पुन्हा रोवले.

पोळा झाल्यावर पट्टीवरच्या मण्यांनीही होकार दिला. जावयांच्या बोटांनीही दिला. शेवंताबाई हळूहळू खाली बसल्या, आपली ओळ धरली आणि पुढे सरकल्या. जावई रिकाम्या हातांनी बांधावर उभे होते. "मामा, आता मी काय करू?" त्यांनी मला विचारले. शेवंताबाईंनीच मागे वळून पाहिले.

"या, बसा. बाजूची ओळ रिकामी हाय. पन तुरीले हात लावू नोका."

आता ती टोळी राहिली नाही. शेवंताबाई पातूरला लेकीकडे असतात. जावई अजूनही रजा काढून त्यांना भेटायला जातात. मणी मात्र बरोबर नेत नाहीत.

वाचकहो, तुमच्या घरी कोणाचेही उठणे-बसणे तो दयाघन अडू न देवो. आणि अडलेच, तर अडलेल्याची ओळ धरून बसणारे कोणी तुमच्या दारी येवो.