आजचा उतारू

स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसहून उत्तरेकडे निघालेली दोन डब्यांची गाडी डोंगरांतून बाहेर पडली आणि मी खिडकीला नाक लावलं. समोर नुसतं आभाळ होतं. त्याच्या तळाशी तपकिरी, सपाट बॉग (पाणी धरून बसलेली मऊ दलदल), मधूनमधून काळी डबकी, आणि त्यातून सरळ गेलेले आमचे रूळ. बूट बुडेल अशा या जमिनीत माणसांनी भराव घातला, तोही हातांनी!

आदल्या दिवशी लीड्सहून निघताना माझं मत पक्कं होतं. इथल्या जमीनदारांनी मेंढ्यांसाठी शेतकऱ्यांना हुसकावलं आणि पुढे स्वतःच्या सोयीसाठी रेल्वे आणली. आमच्या घरी निघणाऱ्या डाव्या चळवळीच्या पत्रकांच्या भाषेत सांगायचं तर, रेल्वे म्हणजे मालकांनी जमिनीवर ओढलेली रेघ. तो संताप आजही कायम आहे.

गार्डला आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून गाडी थांबली. प्लॅटफॉर्मवर मुक्ता उभी होती. माझी नागपूरची मैत्रीण, आता इथली डॉक्टर.

"उतरलीस! चला, आजचा उतारू मिळाला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अगं, हा रिक्वेस्ट स्टॉप आहे. आपल्याकडच्या एसटीसारखं, हात दाखवा, गाडी थांबवा. कोणी चढलं-उतरलंच नाही तर स्टॉप बंद करायचं चाललंय. म्हणून गावानं नंबर लावलेत. रोज कुणीतरी चढायचं, पुढच्या स्टेशनला चहा प्यायचा आणि परत यायचं."

संध्याकाळी मोरागबाईंकडे जेवलो. ऐंशीच्या घरातल्या, स्टेशनला लागूनच राहणाऱ्या. त्यांनी कलन स्किंक (धुरी दिलेल्या माशाचं दुधाळ सूप) वाढलं. त्यांचे पणजोबा रूळ टाकायला आले आणि इथेच राहिले.

"आधी प्लॅटफॉर्म आला. मग कोळशाचं दुकान, मग शाळा, मग चर्च," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे देवसुद्धा रेल्वेनं आला, पोरी. पणजोबांचा भाऊ कॅनडाच्या गवताळ मैदानात गेला. तिथेही तेच. आधी रूळ, मागून गाव."

"आणि स्टॉप बंद झाला तर?"

"मी गाडी चालवत नाही. मुलीकडे शहरात जावं लागेल. तिच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते." त्यांनी सूप ढवळलं. "चांगली भिंत आहे तशी."

सकाळी गारठवणारा वारा आणि तिरपा पाऊस. मुक्ता सर्जरीला (दवाखान्यात) निघाली होती. तिचा शेजारी कारनं इन्व्हर्नेसला चालला होता.

"त्याच्याबरोबर जा ना. हीटेड सीट्स आहेत," मुक्ता म्हणाली. "आज नंबर मोरागबाईंचा आहे. त्या चढतील."

मी हो म्हणालेही. बॅग घेऊन बाहेर आले तर समोर मोरागबाई आपल्या दारातल्या बाकावर बसून बूट चढवत होत्या. गुडघा सुजून टरारला होता, बूट काही चढत नव्हता.

"बसा तुम्ही. आज मी चढते."

"कार सोडून? डॉक्टरीणबाईंची मैत्रीण आणि एवढी वेडी!" त्या हसल्या. मग लगेच गंभीर झाल्या. "प्लॅटफॉर्मवरच्या शेडमध्ये बसू नकोस. मागे एक पाहुणा आत बसून राहिला, गाडी गेली निघून. बाहेर उभी राहा. हात पूर्ण वर."

मी बाहेर उभी राहिले. त्या अफाट माळावर दूर एक दिवा उगवला. कितीतरी वेळ तो तेवढाच राहिला, मग एकदम मोठा झाला. मी हात वर केला. गाडी हळू होईना. मी टाचा उंचावल्या, दुसराही हात वर केला. आजचा दिवस रिकामा गेला तर मोरागबाईंना काय सांगू?

भोंगा वाजला. ते सगळं लोखंड करकरत, कण्हत माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. मला अक्षरशः रडू आलं.

गार्डनं दार उघडलं. "आज मोराग नाही?"

"गुडघा सुजलाय."

"म्हणजे दोन्ही हात तिच्यासाठी वर केले होतेस, पाऊस थांबवायला नाही." त्यानं मोरागबाईंच्या खिडकीकडे बघून टोपी हलवली. आतून एक काठी हलली. मग गाव मागे गेलं. चार छपरं, एक प्लॅटफॉर्म, आणि पुन्हा सगळीकडे आभाळ.

लीड्सला उतरले तेव्हा स्टेशनवर माणसांचा लोंढा होता. इथे गाडी थांबेल का, हा प्रश्न कुणालाही पडत नाही. रूळ जमीनदारांनी स्वतःसाठी टाकले, हे मी आजही ठासून सांगेन. पण ते गाव आज सुजलेल्या गुडघ्यांवर उभं आहे, आणि उद्याचा नंबर शाळेतल्या बाईंचा आहे.