वॉफल-गुनवोर

गुनवोरला कुणी गाव विचारलं, तर ती आधी जहाजाचं नाव सांगायची आणि मग आठवल्यासारखं करून सेन्या बेटाचं. एकतीस वर्षं जहाजांच्या भटारखान्यात काढल्यावर माणसाचं असंच होतं. त्यातली शेवटची बारा या पांढऱ्या आठमजली प्रवासी जहाजावर गेली. उन्हाळाभर ते ट्रुम्सो बंदरातून निघून पार उत्तरेला, बर्फाळ स्वालबार्ड बेटांवर जाऊन यायचं आणि मधला एक अख्खा दिवस नुसतं पाणी असायचं. बंदर नाही, डोंगर नाही, मोबाइलला रेंज नाही. प्रवासी दुर्बिणी पुसत बसायचे. तो दिवस गुनवोरचा.

दुपारी तीनला ती मागच्या डेकवर वॉफलचे दोन विजेचे साचे तापवायची. लोण्याचा वास आठही मजले फिरून आला, की पांघरुणात गुरफटलेली मंडळी आपोआप खाली उतरायची. पत्त्यांतले पाच बदाम जोडल्यासारखं वॉफल आणि वर तपकिरी चीजचा काप. कप्तान यार्ले सेन्याचाच, पलीकडच्या गावचा. तो म्हणायचा, "गुनवोर, सगळ्यांना मागे गोळा करतेस, एखाद्या दिवशी जहाजाचं नाक वर उचललं जाईल."

"उचलू दे. तुला जरा लांबचं दिसेल."

तिच्या अ‍ॅप्रनवर मोठ्या अक्षरांत 'वॉफल-गुनवोर' असं भरतकाम होतं. प्रवाशांना वाटायचं, काय लाडाचं नाव आहे! लाडाचं कसलं, ते टोमण्याचं होतं.

सेन्याचे जुने मच्छीमार बोटीवर तीन गोष्टी चढू देत नसत: पाठीवरची पिशवी, घोड्याचं नाव आणि वॉफल. यातलं काही चढलं की दर्या उलटलाच म्हणून समजा. गुनवोरचा बाप हागबार्ट तर या बाबतीत पाद्रीबुवांपेक्षा कडक. गुनवोर सात वर्षांची असताना त्याच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तो अस्वलबेटाकडे मासेमारीला निघाला होता. आई शेजारी गेलेली बघून पोरीने चार वॉफलं केली, वेलचीची अख्खी पुडी त्यात ओतली आणि एकही न चाखता चारही बापाच्या डब्यात, पावाखाली दडवली.

भर समुद्रात बोटीचं इंजिन बंद पडलं. दोन दिवस बोट वाहत होती. शेवटी दुसऱ्या बोटीने ओढून आणली, तेव्हा धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. हागबार्टने उतरल्या उतरल्या सांगितलं, "डब्यात वॉफलं निघाली! सगळी दर्यात फेकली, तेव्हा कुठे बोट दिसली." सगळ्यांच्या माना आईचा हात धरून उभ्या असलेल्या पोरीकडे वळल्या.

तेव्हापासून ती वॉफल-गुनवोर. सतराव्या वर्षी तिने बापाच्या बोटीवर यायचं म्हटलं, तर तो म्हणाला, "तू? तुला बोटीवर घेऊ?" मग ती दुसऱ्यांच्या जहाजांवर गेली आणि नाव छातीवर मिरवू लागली. बाई ठसक्याची. पण एक गोष्ट तिने कुणाला कळू दिली नव्हती. जहाजाच्या इंजिनाचा आवाज जरा बदलला, की तिचा हात साच्याच्या बटणाकडे जायचा आणि आवाज सुरळीत होईपर्यंत साचा बंद राहायचा. लोकांना वाटायचं, पीठ मुरू देत असेल.

आणि आज ऐंशी ओलांडलेला हागबार्ट पहिल्यांदा लेकीच्या जहाजावर होता. तिकीट तिने पाठवलं होतं. तो आला, पण बॅग पाठीवर न घेता तान्ह्या पोरासारखी कवटाळून. गुनवोरला एवढंच हवं होतं, की त्याने भर दर्यात, तिच्या हातचं एक वॉफल खावं. दुसरं काही नको.

सकाळी नाश्त्याला तिने विषय काढला. "बाबा, तीन वाजता मागच्या डेकवर या."

"वाराबिरा घ्यायला येईन."

"वॉफल खायला या."

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल. जहाजावर तीनशे माणसं आहेत."

"तीनशे माणसं बारा वर्षं खाताहेत. एकही बुडालेलं नाही."

"अजून," हागबार्ट म्हणाला आणि उकडलेलं अंडं सोलू लागला.

दुपारी अस्वलबेट धुक्यातच मागे पडलं. दोननंतर वारा सुटला, लाटा चढल्या आणि बशा सरकू लागल्या. यार्लेने वरून फोन केला, "आज राहू दे गं. निम्मे लोक आडवे झालेत."

"निम्मे उभे आहेत ना? त्यांना भूक लागेल."

"तुझे बाबा म्हणतील, बघा, मी सांगत होतो."

"म्हणूनच करायचंय."

तिने साचे दोरीने टेबलाला बांधले आणि बरोब्बर तीनला पहिलं पीठ ओतलं. टोप्या सावरत, कठडा धरत लोक आले, रांग लागली. हागबार्टही आला, पण खुर्ची ओढून तिच्याकडे पाठ करून बसला. समोर जहाजामागे पडणारा फेसाचा पट्टा, डोक्यावर लोकरीची टोपी, हाताची घडी. गुनवोरने चार जणांना वाढलं, पाचवं वॉफल बशीत घेतलं आणि सरळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

"खायचं तर खा. नाहीतर फेका दर्यात. तुम्हाला सवय आहे."

ती तडक परतली आणि मागे पाहिलं नाही. पण कान तिकडेच होते. तिने आणखी दोघांना वाढलं. मग म्हातारा कुरकुरला, "वेलची कमी आहे."

गुनवोर सुखावली. खाल्लं तर! "कमी नाही, बेताची आहे."

"तेव्हा कशी भरपूर होती. कचाकचा दाताखाली यायची."

तिची पळी हातातच राहिली. त्या वेलचीचं तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तिने ती वॉफलं चाखलीही नव्हती. ती रांग तशीच सोडून खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही ती फेकली होती ना?"

हागबार्टने बशीतला दुसरा बदाम तोडला, पण तोंडात टाकला नाही. "दुसऱ्या दिवशी पाव संपला. बोटीवरच्या आम्ही तिघांनी वाटून खाल्ली. आमच्यातला पेडर म्हणाला, असलं चांगलं आपण जमिनीवरही खाल्लेलं नाही. मी दोघांना शपथ घातली. आता दोघंही गेले."

"आणि इंजिन?"

"डिझेल गाळायची जाळी साफ करायची राहिली होती. ते काम माझं होतं." तो लाटांकडे बघत राहिला. "धक्क्यावर सगळे उभे. काय सांगणार होतो? वॉफल काही उलटून बोलणार नव्हतं."

"पण मी तिथे होते ना, बाबा! सात वर्षांची होते मी!" गुनवोरला संताप आला, अगदी डोळ्यांत पाणी येण्याइतका. "इतकी वर्षं मला वाटतंय की तुम्ही माझ्यामुळे मरणार होतात."

"माहीत आहे," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर आलो. जमिनीवर जीभ उचलत नव्हती."

तिने अ‍ॅप्रनने डोळे पुसले. "मग उठा. तेव्हा सगळ्यांसमोर बोललात, आताही सगळ्यांसमोर बोला."

तोवर यार्ले काय गडबड आहे बघायला खाली आला होता. हागबार्ट कठडा धरून उठला, टोपी काढली आणि रांगेकडे तोंड करून ओरडला, "जाळी मी साफ केली नव्हती! वॉफलांचा काही दोष नव्हता! मी दीड खाल्लं!" रांगेतले बहुतेक जर्मन. त्यांना अक्षरही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. कळलं ते यार्लेला.

"हागबार्टकाका, सेन्यावर हे मीच सांगणार. उद्या रेंज आली रे आली की!"

"सांग पोरा. नीट सांग, दीडच खाल्लं म्हणून." म्हाताऱ्याने खुर्ची फिरवून साच्यांकडे तोंड केलं आणि बशी पुढे धरली. "आणखी एक दे. वेलची घाल, हात आखडू नको."

गुनवोरने उरलेल्या पिठात वेलचीची बरणी उपडी केली. तेवढ्यात धुकं दाट झालं, यार्ले वर पळाला आणि जरा वेळाने इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. तिचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. इंजिन तसंच खर्जात घुमत राहिलं. गुनवोरने पळीभर पीठ साच्यात ओतलं आणि झाकण दाबलं.