बकुळामावशीचा अंगठा

शिंगाळा माशाचा काटा हातात घुसला की माणूस काय करतो, हे खारवीवाडीत पोरासोरांनाही ठाऊक आहे. आधी हात झटकतो, मग आईच्या नावाने बोंब ठोकतो, आणि दिवस मावळेपर्यंत हात गरम पाण्यात बुडवून कण्हत बसतो. बकुळामावशीने यातलं काहीच केलं नाही. मागच्या पडवीत विळीवर बसून ती मासे कापत राहिली.

"आई, रक्त!" सून मनिषा दारातूनच ओरडली.

"शिंगाळ्याचं असंल."

"शिंगाळ्याचं नाय ओ, तुमचं! अंगठ्यात काटा उभा हाय, बघा तरी!"

बकुळाने पाहिलं. उजव्या अंगठ्याच्या गादीत काटा अर्धं पेर रुतून उभा होता. तिने तो उपटून टाकला, अंगठा पदराला पुसला आणि म्हणाली, "साठ वर्षं खाऱ्या वाऱ्यात काढली या कातडीनं. तिला काय लागतंय आता."

मनिषा हसली. बकुळा हसली नाही. सून आत गेल्यावर तिने अंगठा विळीच्या पाटाच्या कडेवर दाबला, जोरात. पाटाची कड अंगठ्यात उमटली, पण ती तिला नुसती दिसली. जाणवलं काहीच नाही.

दुसऱ्या कुणाचा अंगठा असता तर गोष्ट एवढ्यावर मिटली असती.

मालगुंडच्या अलीकडे समुद्राला टेकून असलेल्या या वाडीत तीस-पस्तीस वर्षं जे जे लचकलं, मुरगळलं, निखळलं, ते बकुळाच्या ओटीवर आलं होतं. जाळं ओढताना उतरलेले खांदे, नारळावरून घसरलेल्यांचे घोटे, कबड्डीतले गुडघे. विद्या सासूची. सासूने शिकवायची रीतही वेगळीच ठेवली होती. भाकरीच्या पिठाचे गोळे करायचे, प्रत्येकात कोंबडीचं एकेक हाड दडवायचं, एखादंच तडकलेलं. डोळे मिटून, पिठावरून अंगठा फिरवून ओळखायचं, चिरलेलं कुठलं. चुकली की त्या दिवशी सुनेला कालवणातला मासा नाही. बकुळाने पहिल्या महिन्यात नुसत्या रश्शावर दिवस काढले. पुढे कधी चुकली नाही.

"चिरलेलं हाड आपलं नाय," सासू बजावायची. "ते दवाखान्याचं. आपलं फक्त सुटलेलं आणि अडकलेलं. आणि माणसाला बोलू द्यायचं नाय. घाबरट असला तर उगाच बोंबलतो, कामावर जायची घाई असली तर दुखत नाय म्हणतो. हाड काय ते खरं सांगतं."

म्हणून बकुळाच्या ओटीवर एक कायदा होता. पाय पुढे केला की तोंड मिटायचं. हूं नाही की चूं नाही. कुणी विव्हळलाच तर ती अंगठा उचलायची आणि म्हणायची, "जा घरी. बायकोजवळ रड आणि मग ये." वाडी या कायद्यावर खूश होती. बाहेरगावच्या पाव्हण्यांना लोक कौतुकाने सांगत, आमच्या मावशीला काही सांगावं लागत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर अंगठ्यात मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्याही गेल्या. रक्तातल्या साखरेच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून मिळत, त्या ती आठवण झाली की घेई. अंगठ्याचं मात्र कुणाला बोलली नाही. ओटीवर येणाऱ्यांना ती आता सवयीने बघत होती: सूज डोळ्यांनी, चाल डोळ्यांनी, आणि अंगठा फिरवायचा तो फिरवायचा म्हणून. महिन्याभरापूर्वी जेटीवर बर्फाची लादी उचलताना पडलेल्या विठूचं मनगट तिने असंच बघितलं होतं. "मुरगळलंय," म्हणाली होती. विठू पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी कामाला गेला. बरंच असणार. काही तक्रार घेऊन आला नव्हता.

काटा घुसला त्याच दुपारी रूपेश आला. तिच्या धाकट्या बहिणीचा, सगुणाचा मुलगा. पोलीस भरतीची तयारी करत होता. दोनदा थोडक्या गुणांनी हुकला होता, ही तिसरी खेप. रोज पहाटे सड्यावर, उघड्या कातळावर, झिजलेल्या बुटांनी दहा-दहा किलोमीटर पळायचा. यंदा जमलं नाही तर मामाच्या बोटीवर जायचं, असं सगुणाने त्याला सांगून ठेवलं होतं.

"मावशे, पायाची नळी बघ जरा," तो ओटीवर बसत म्हणाला. "उद्या सकाळी रत्नागिरीत ग्राउंड हाय. सोळाशे मीटर."

"कधीपासनं?"

"तीन आठवडे. पळताना वाढतं, बसलं की जातं. तू एकदा हो म्हण, की मी सुटलो."

"मी हो म्हटल्यानं पाय बरा होतो काय रे?"

"माझा होतो," रूपेश दात काढून म्हणाला. "आणि आईचा जीव पन थाऱ्यावर येतो. ती म्हणते, बकुळाताय म्हणाली तरच पळ."

मनिषा आतून ओरडली, "भावोजी, फौजदार झालात की आमच्या मासळीच्या टेंपोला चलान नाय हां लावायचं!"

"शिपाई गो, शिपाई! फौजदार कुठला!"

बकुळाने त्याचा पाय मांडीवर घेतला. "चल, तोंड मीट."

गुडघ्याखालून तिचा अंगठा नळीच्या हाडावरून सरकत खाली निघाला. अर्ध्यावर, आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी हाडावर बारीकसा उंचवटा होता आणि ती जागा बाकी पायापेक्षा गरम होती. वर्षभरापूर्वी तिथे पोचताच तिचा अंगठा थांबला असता. आता तो त्या जागेवरून तसाच पुढे गेला. दाबून गेला. रूपेशने ओटीच्या खांबाला धरलं आणि समुद्राकडे बघत राहिला. कायदा होता. शिवाय त्याला हो ऐकायचं होतं.

बकुळाने दोनदा अंगठा फिरवला. तिलाही नाही म्हणायचं नव्हतं.

"शीर भरलीय," ती म्हणाली. "लेप घालते. पळ उद्या."

आंबेहळद उंडीच्या बियांच्या तेलात कढवून तिने लेप केला, अंगठ्याने नळीवर थापला, वर फडकं गुंडाळलं. रूपेशच्या कपाळावर घाम आला. तो हूं की चूं बोलला नाही. पाया पडला आणि चारच्या एसटीने रत्नागिरीला गेला, मित्राच्या, ओमकारच्या खोलीवर मुक्कामाला.

दिवेलागणीला मनिषा लेपाचं भांडं घासायला न्यायला आली आणि तिची नजर सासूच्या हाताकडे गेली.

"आई, ह्यो फोड कसला?"

अंगठ्यावर पाण्याने टरारलेला फोड होता. काट्याच्या भोकाशेजारीच, चांगला चिंचोक्याएवढा.

"लेपाचा असंल," बकुळा म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. "मनिषा, लेप किती गरम होता गो?"

"मना काय ठाऊक. चुलीवरनं उतरवलात नि तस्सा घेऊन गेलात. मी म्हटलं निवू द्या, तर तुमचं लक्षच नाय."

बकुळा फोडाकडे बघत बसली. आपल्याला भाजलं ते आपल्याला कळलं नाही. पण ज्याच्या पायावर तोच लेप थापला, त्या रूपेशला कळलंच असणार. धडधाकट पोराला कढत तेल लागलं आणि तो बोलला नाही. मग आणखी काय बोलला नाही?

ती उठली. भाकरीसाठी मळलेल्या पिठातून तिने दोन गोळे काढले. दुपारच्या कोंबडीची दोन हाडं उष्ट्यातून शोधली, एक वरवंट्याने तडकवलं. मनिषाला म्हणाली, "एकेक गोळ्यात घाल नि माझ्यासमोर ठेव. मी डोळे मिटते."

"ह्या वयात काय खेळ मांडलाय?"

"घाल म्हणतंय ना!"

बकुळाने अंगठा फिरवला. पहिल्या गोळ्यावर, दुसऱ्यावर, परत पहिल्यावर. मनिषाचं हसू हळूहळू विरत गेलं.

"डावा," बकुळा म्हणाली.

मनिषाने गोळा फोडला. हाड अखंड होतं.

रूपेशचा फोन बंद होता. ओमकारचा नंबर कुणाकडे नव्हता. सगुणाला फोन लावला तर ती देवाजवळ दिवा लावत होती. "बकुळाताय, तू हो म्हणालीस, आता मना घोर नाय," ती म्हणाली, आणि बकुळाने नुसतं हूं केलं. फोन ठेवला.

पहाटेची पहिली गाडी तिने पकडली. वाटेत प्रत्येक थांब्याला गाडी थांबली, आणि प्रत्येक थांब्याला बकुळा कंडक्टरला विचारत राहिली, "पळायला कधी सोडतात हो?"

"कुणाला, आजी?"

"पोलिसांत जानाऱ्यांना."

"उजाडल्या उजाडल्या. ऊन व्हायच्या आत उरकतात."

मैदानाच्या फाटकावर तिला अडवलं. नातेवाईकांना आत सोडत नव्हते. ती तारेच्या कुंपणाला धरून चालत राहिली आणि पलीकडच्या कोपऱ्यात तिला रूपेश दिसला. छातीवर एकशे सदतीस नंबर, रांगेत बसलेला, एक पाय लांब केलेला.

"रूपेश!"

रांगेतली चाळीस डोकी वळली. रूपेश इकडे तिकडे बघत कुंपणाशी आला. "मावशे? आईला काय झालं?"

"काय नाय झालं. तू पळायचं नाय."

"काल हो म्हणालीस!"

"काल मना काय कळलं नाय. माझा अंगठा मेलाय रे. सहा महिने झाले, मना हाताला काय लागत नाय. हे बघ." तिने फोड आलेला अंगठा तारेतून पुढे केला. मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. "लेपानं भाजलं व्हतं ना तुला? खरं बोल."

रूपेशने मागे रांगेकडे बघितलं.

"बोल ना रे, मेल्या! आता कायदा नाय, बोल!"

"भाजलेलं," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"आणि दाबताना?"

"मावशे, माझा नंबर येतोय."

"उडी मार. दुखऱ्या पायावर, एकाच. धा मार नि मग जा पळायला. मी अडवायची नाय."

"सगळे बघतायत गो."

"बघू दे."

त्याने चांगला पाय उचलला. एक. दोन. तीनला हसला. चारला हसू गेलं. पाचव्या उडीला पाय जमिनीला टेकला आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो काल ओटीवर निघायला हवा होता. तो तारेवर कोसळला. तारेतून बोटं घालून त्याने तिचा अंगठा पकडला आणि आवळला. नख पांढरं पडलेलं तिला दिसलं. आवळल्याचं कळलं नाही.

"एकशे सदतीस!" मैदानातून पुकारा झाला. "एकशे सदतीस, रूपेश!"

तिसऱ्या पुकाऱ्यानंतर एकशे अडतीसला बोलावलं.

एक्स-रेमध्ये नळीच्या हाडावर केसाएवढी रेघ होती. दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट मृणाली, पंचविशीची, मालगुंडचीच मुलगी. तिने रूपेशला ती रेघ पेनाने दाखवली. "पळून पळून पडते ही. आज चार फेऱ्या मारल्या असत्यास तर कदाचित दोन तुकडे घेऊन आला असतास. आता कुबडी. सहा ते आठ आठवडे पळणं बंद. मग आधी चालणं, मग हळूहळू व्यायाम. पाय परत येईल."

"आणि भरती?" रूपेश म्हणाला.

तिने पेन खिशाला लावलं. मग बकुळाकडे वळली. कापसाचा बोळा अंगठ्यावर फिरवला, मग बोथट सुई टेकवली. "कळतंय, मावशी?"

"नाय."

"हे?"

"नाय."

सगळी बोटं झाली, मग तळपाय झाले. मृणालीने सुई ठेवली. "साखर आजच तपासायची. आणि सहा महिन्यांत तुम्ही कुणाकुणाचं बघितलंत?"

बकुळाने बोटांवर मोजायला सुरुवात केली. दादूचा खांदा. मास्तरणीचा घोटा. तेजस्वीचं कोपर. एक हात संपला, दुसरा हात अर्धा झाला.

"त्यांना सगळ्यांना सांगावं लागेल," मृणाली म्हणाली.

"सांगते."

रूपेशला सगुणाच्या दारात सोडून ती जेटीवर गेली. सगुणाने रूपेशला आत घेतलं, बहिणीकडे बघितलं नाही. जेटीवर बोटी लागत होत्या. विठू डोक्यावर ट्रे घेऊन फळीवरून उतरत होता. ट्रे डाव्या हाताने तोललेला, उजवा अंगाशी धरलेला.

"विठू, खाली ठेव तो. मनगट कसं हाय?"

"एक नंबर, मावशे! तूच बघितलंयस की." त्याने ट्रे उतरवला, तोही डाव्याच हाताने. "दाबून बघतंस?"

"दाबत नाय. दाबून मना काय कळत नाय आता." तिने ते मोठ्याने सांगितलं. आजूबाजूच्या बायका मासे निवडायच्या थांबल्या. "तू सांग. दुखतंय काय? खरं सांग."

विठू हसला. फळीपाशी उभ्या तांडेलाकडे, बोटीवरच्या मुकादमाकडे, त्याने एकदा बघितलं, आणि उजवा हात पाठीमागे नेला.